अव्वा खाईल असे डोनट

३ जानेवारी १९३९, मंगळवार. निपाणी.
बेळगावच्या मुलींच्या शाळेची नेमणूक आली! सोमवारी १६ तारखेला हजर व्हायचे. आप्पा दोनदा कागद वाचून म्हणाले, "घराण्यातली पहिली बी. ए. तू. मी न्हाय कशाला म्हणू? पण अव्वा व्हय म्हणायला पायजे."
आम्ही जैन, म्हणून अव्वाचा प्रश्न एकच. "परक्या घरात काय खाशील गं?"
राहणार ग्रेसकडे, बेळगावच्या कॅम्पात. वसतिगृहातली माझी सोबतीण. ठरवले: तिच्या घरचा एक पदार्थ अव्वाला इथे करून घालायचा. डोनट. तिला कळेल की तिथेही माणसेच राहतात.

५ जाने.
ग्रेसने मोटारीच्या ड्रायव्हरबरोबर यीस्टची बाटली पाठवली. सोबत चिठ्ठी: घरी फार सांगत बसू नकोस. मला हे पटले नाही. मुलींना शिकवायला निघालेली मी, सुरुवात आईपासून लपवालपवीने?
बूच उघडताच फस्स झाले. "हे काय गं?" अव्वाने विचारले. मी उत्साहाने सगळे सांगितले. बारीक जीव असतात, पिठातली साखर खातात, श्वास सोडतात, म्हणून पीठ फुगते. वर्गात सांगावे तसे.
अव्वा बाटलीकडे वाकून पाहू लागली. मग, "म्हणजे त्येस्नी खायला घालायचं, वाढवायचं, आणि तेलात सोडायचं?"
मी बूच लावले. बाटली गोठ्यातल्या कोनाड्यात गेली.

६ जाने.
आप्पांना भारी मजा. "लई शिकून शेवटी वड्याला भोकच पाडणार न्हवं? ते उडपीबी पाडतोय की." अव्वा हसली नाही. बेळगावचा विषय निघाला की उठून जाते.
खायचा सोडा घालून पाहिला. दगड झाले.

८ जाने., रविवार.
जेवणानंतर अव्वाने आपणहून ताज्या दह्याची वाटी पुढे ठेवली. "ह्यानं फुगतंय का बघ. ह्यात काय न्हाय."
ह्यातही तसेच जीव आहेत. मला ठाऊक आहे. सांगायला तोंड उघडले होते. पण दही गेले तर तिच्या पानात उरणार काय? आणि तिने स्वतः आणून दिले होते...
मळले. थंडी फार, पीठ ढिम्म. परात चुलीजवळ सरकवली. चार वाजले, पाच वाजले. जरासे उठले तशी लाटून वाटीने गोल कापले, करंड्याच्या झाकणाने भोक. तळून पहिला घाणा पाकात सोडला, सोनेरी, चकचकीत. वर पाहिले तर समोरच्या वखारीच्या पत्र्यावरचे ऊन गेलेले.
अव्वा मोरीवर चूळ भरत होती. दिवस मावळला, आता सकाळपर्यंत तोंडात काही नाही. स्वयंपाकघरात तिचे ताट पालथेच. आप्पा दिवस असताना जेवून उठले होते, ती माझ्यासाठी थांबली होती. बोलली नव्हती.
"अव्वा, सांगायचं न्हाय का?"
"तू गडबड केली असतीस. कच्चं राह्यलं असतं."

९ जाने.
शिळे म्हणून घरात कोणी खाल्ले नाहीत. म्हशीला घातले. अव्वा: "तिला आवडलं बघ."

१३ जाने., शुक्रवार.
ट्रंक भरायला घेतली, होकार नसतानाच. बाजारातून आले तर ट्रंकेत साड्यांवर ठेवलेले नवे फडके, पाणी गाळायचे, दुहेरी शिवलेले. अव्वाचा टाका ओळखू येतो.
"हे जायला सांगतीयास का?" विचारले.
"पाणी गाळून पी म्हणतोय. आणि ते भोकाचं सकाळी मळायचं, उन्हात ठेवायचं. दिवस असताना होतंय." जरा थांबून, "उद्या कर. दही लावलंय."
म्हणजे उद्या ती खाणार. माझ्या हातचे, ह्यात काही नाही असे समजून. मी सांगितले तर खाणार नाही, दहीही सुटेल. फडकेही कदाचित ट्रंकेतून काढून घेईल...

१४ जाने.
सकाळ. ऊन चांगले आहे. परात काढली. अव्वा दह्याची वाटी घेऊन समोर बसली आहे. म्हणते, "लिहीत काय बसलीयास? घाल की."