आईची खोली, तीन फूट वर

३ फेब्रुवारी
आजपासून रोज लिहायचं, कारण आजपासून माझ्यावर जबाबदारी आहे.
मागच्या अंगणात आईसाठी खोली बांधायची ठरली. एक खोली, एक बाथरूम, जमिनीलगत. आम्ही वरच्या मजल्यावर राहतो, खाली काकांचा हिस्सा. सतरा पायऱ्या आहेत आणि आईच्या गुडघ्यांनी आता हात वर केलेत. बाबांनी फंडातून साडेसहा लाख काढले. कॉन्ट्रॅक्टर सात मागतो. मी म्हणालो, कॉन्ट्रॅक्टर कशाला, मी आहे ना, दोन वर्षं सिव्हिल केलंय. बाबा म्हणाले, दीड. ठीक आहे, दीड.

५ फेब्रुवारी
मिस्त्री आले. कमी बोलतात, पण बोलले की लागतं. जोतं सहा इंच, म्हणजे आईला एकच पायरी. बाथरूममध्ये धरायला स्टीलची दांडी. रॅम्पची गरज नाही. रॅम्प आम्हाला पेपरला होता, मी ऑप्शनला टाकलेला. आयुष्यात कुठे लागतो म्हणून. नाहीच लागला.
आखणी बघताना एक लक्षात आलं. मागच्या खिडकीतून नुसती कंपाउंडची भिंत दिसणार. भिंतीपलीकडे ती राहते; आमच्या वरच्या मजल्याला त्या बाजूला खिडकीच नाही, गच्चीवर जावं लागतं. (डायरी कोणाच्या हाती लागली तर पंचाईत नको, म्हणून तिला इथे 'पूर्व' म्हणणार.)

६ फेब्रुवारी, आंघोळ करताना सुचलं
ओल! जमिनीलगतच्या खोलीत ओल येते. ओल गुडघ्यांना वाईट. जोतं तीन फूट हवं. हा निव्वळ तांत्रिक विचार आहे. पूर्वेच्या गॅलरीत रोज सकाळी सातला झाडांना पाणी घातलं जातं, त्याचा याच्याशी काही संबंध नाही.

८ फेब्रुवारी
मिस्त्रींना सांगितलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं, परत माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, मग तुमच्या आई चढणार कशा? म्हटलं, चार पायऱ्या. सतरापेक्षा चार बऱ्या, साधं गणित आहे.
आईलाही विचारलं. म्हणाली, तुला कळतं त्यातलं, तू शिकलायस.
हे तिने कशाला म्हणायचं? दिवसभर तेच डोक्यात. जेवण गेलं नाही. दोनदा बसलो, दोन्ही वेळा थोडंच.
बाबांना संध्याकाळी सांगणार होतो. दमून आले होते.

१७ फेब्रुवारी
भरावाला मुरूम एक गाडी धरला होता, सात लागल्या. विटा जास्त, सिमेंट जास्त, मजुरी जास्त. खोली वर चाललीय म्हणून खर्च वर चाललाय. हे स्वाभाविक आहे.
बाबांनी विचारलं, हिशेबात बसतंय ना? म्हटलं, बसवतोय.

२२ फेब्रुवारी
मिस्त्री सगळ्या मजुरांसमोर म्हणाले, साहेब, खोलीला खिडकी करताय की खिडकीला खोली? मजूर हसले. माझं डोकं सटकलं. म्हणालो, जमत नसेल तर चालू लागा.
चालू लागले. इतकं ऐकतील असं वाटलं नव्हतं.

२६ फेब्रुवारी
चार दिवस काम बंद. पाण्याचा पाइप रागात तसाच सोडलेला, त्यात सिमेंटच्या सहा गोण्या दगड झाल्या. दुसरा मिस्त्री दीडपट मागतो. शेवटी पहिल्याच्या घरी गेलो. माफी मागायला नाही, बोलायला. तिथे गेल्यावर मागितली. त्यांनी चहा पाजला आणि आपला रोज वाढवून घेतला. गोण्या, वाढीव रोज, वाया गेलेले दिवस धरून माझ्या रागाची किंमत अठ्ठावीस हजार. यापुढे रागवायचं नाही. परवडत नाही.

९ मार्च
पैसे संपत आले. एक तर बाथरूमची दांडी, नाही तर मोठी सरकती खिडकी. शांतपणे विचार केला. दांडी नंतरही लावता येते, खिडकी नंतर मोठी करता येत नाही. शिवाय भिंत धरूनही माणूस चालतो.
जागा अपुरी, त्यामुळे पायऱ्या चारच, नऊ-नऊ इंच उंच. मिस्त्री काहीच बोलले नाहीत. बोलले असते तर बरं वाटलं असतं.

२१ मार्च, सकाळी ७
खिडकी बसली. उभा राहिलो. भिंत खाली, गॅलरी समोर. पूर्व पाणी घालत होती. तिने वर पाहिलं. मी हात केला. ती आत गेली.
लाजाळू आहे.

२३ मार्च
पूर्वेच्या गॅलरीला या टोकापासून त्या टोकापर्यंत हिरवं कापड लागलं. ऊन वाढलंय हल्ली.

२४ मार्च
ती आईशी फाटकात बोलत होती. विचारत होती, काकू, खोली एवढी उंच का केली, तुम्हाला चढवेल का? मग माझ्याकडे वळून म्हणाली, त्या खिडकीला पडदा कधी लावताय?
ती माझ्याशी पहिल्यांदा बोलेल तेव्हा निदान पाच वाक्यं बोलेल असं मनात योजलं होतं. पाच शब्द निघाले. मी चपलेचा पट्टा लावायला वाकलो. माझ्या चपलेला पट्टा नाही.

३० मार्च
खोली तयार. आठ लाख दहा हजार. वरचे बाबांनी ऑफिसच्या सोसायटीतून कर्ज काढले.
आईला दाखवायला नेलं. पहिली पायरी भिंत धरून चढली. दुसऱ्या पायरीवर थांबली, मग खाली बसली. बसूनच, पाठमोरी, एकेक पायरी मागे सरकत वर गेली. लहान मुलं जातात तशी. आत जाऊन म्हणाली, हवा छान येते.
उतरायला त्याहून वेळ लागला.
बाबांनी विचारलं, ही उंची कोणी ठरवली?
मी तोंड उघडलं. आई म्हणाली, मीच सांगितलं, ओल येते ना.
मी तोंड मिटलं.

३१ मार्च
माळ्यावरून सिव्हिलचं पुस्तक काढलं. रॅम्प: एक फूट चढायला बारा फूट लांबी. तीन फुटांना छत्तीस. अंगण अठरा फूट. मिस्त्री न मोजताच म्हणाले, वळवून बसवू, पण अंगण जाईल आणि वर सव्वा लाख.
पुस्तकात त्या पानाच्या कडेला माझ्याच अक्षरात लिहिलंय, 'ऑप्शन'.

२ एप्रिल
आई वरच राहणार म्हणाली. तिथल्या पायऱ्या बुटक्या आहेत, कठडा आहे, सवय आहे. तू जा खाली, तुला अभ्यासाला बरी. कसला अभ्यास ते आई-बाबा दोघांनीही विचारलं नाही. सामान आणलं. खिडकीतून हिरवं कापड दिसतं.
उद्या बाबांना सगळं सांगायचं. सकाळी. चहाच्या आधी.

३ एप्रिल, साडेआठ
सहालाच उठून बसलो होतो. वाक्यही तयार होतं. आईने चहाला हाक मारली की वर जायचं आणि थेट बोलायचं. हाक आलीच नाही.
शेवटी दार उघडलं. कप सगळ्यात खालच्या पायरीवर, वर बशी झाकलेली. आई सतरा उतरून आली होती. या चार चढली नाही. मारली असेल हाक, मी खिडकीशी होतो.
चहा गार झाला होता. पायरीवर बसून प्यायलो. तोवर बाबा ऑफिसला गेले.
संध्याकाळी सांगतो.