स्फटिक फुटला तेव्हा

प्रिय सूनबाई,

पत्र बघून दचकू नकोस. मी ठणठणीत आहे, गॅस बंद आहे आणि तुझ्या कुंड्यांना पाणी घातलंय. हातात फोन असताना ही बाई कागद का काळे करत बसली, असं तुझ्या मनात येईल. पण फोनवर तू मला बोलू कुठे देतेस? ‘आई, जेवलात का, गोळी घेतलीत का’ यातच सगळं बोलणं संपतं.

काल तू तिकडून, क्ष-किरणांच्या त्या मोठ्या यंत्राजवळून फोन केलास आणि नुसतीच ओरडलीस, ‘आई, जीभ वळली!’ मी शेजारच्या काकूंना जाऊन सांगितलं, आमच्या सुनेच्या प्रथिनाची जीभ वळली. त्या म्हणाल्या, ‘अगंबाई, मग आता बोलेल का ते?’ हसून हसून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मग त्यांना सगळं समजावलं, तू मला सांगितलं होतंस तसंच. डबक्यातले, मातीतले जीवाणू. त्यांना ना डोळे, ना मेंदू. तरी उजेड आला की त्यांना कळतं, कारण त्यांच्या आत एक प्रथिन असतं. त्याच्यावर तांबडा उजेड पडला की आतला एक इवलासा तुकडा वळतो, त्याच्यापाठोपाठ जिभेसारखा एक भाग आपली घडी बदलतो, आणि उजेडाची वर्दी पुढे जाते. हे इतकं बारीक की भिंगातून दिसायचं नाव नको. म्हणून त्या प्रथिनाचे असंख्य कण शिस्तीत ओळीने बसवून त्यांचा स्फटिक करायचा, त्यावर क्ष-किरण सोडायचे, आणि पलीकडे उमटलेल्या ठिपक्यांवरून आतला एकेक अणू कुठे बसलाय ते ताडायचं. काकू म्हणाल्या, ‘एवढा खटाटोप एका जिभेसाठी?’ मी म्हटलं, हो, एवढा! आणि काय सांगू, असा तोरा आला होता मला, जसं काही ते सगळं मीच केलंय.

तू लग्न होऊन घरात आलीस तेव्हा तुझ्या कामातलं मला ओ की ठो कळायचं नाही. अंधार तेवढा कळायचा. तुझे सासरे स्टुडिओत फोटो काढायचे आणि मी आतल्या खोलीत लाल दिव्याखाली ते धुवायचे, त्यात माझी उमर गेली. मी ते सांगितलं तर तू म्हणालीस, ‘आम्हाला लाल चालत नाही हो आई, लाल दिसला की आमचं प्रथिन जागं होतं. आम्ही हिरव्या दिव्यात बसतो.’ त्यावर माझा लेक पेपरातून डोकं वर काढून म्हणाला होता, ‘घरातल्या दोन्ही बायका अंधारात काम करतात. मी मात्र उजेडात बसून दोघींची बोलणी खातो.’ आपण तिघं किती हसलो होतो. त्या हसण्याविना घर कसं चालवायचं, हे पुढे आपल्या दोघींनाच शिकावं लागलं.

तो गेल्यावर तुझे आईवडील तुला न्यायला आले. तू त्यांना चहा दिलास आणि शांतपणे सांगितलंस, ‘माझं काम इथे आहे, मी इथेच राहीन.’ मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. नातेवाईक कुजबुजले, पोरीचं काळीज दगडाचं आहे. त्यांना काय ठाऊक, तुझा डबा रोज जसाच्या तसा परत येत होता.

त्याच वर्षी एकदा तू मला प्रयोगशाळेत घेऊन गेलीस. मला वाटतं, मला घरात एकटं सोडवत नव्हतं तुला. ती थंडगार खोली, कोपऱ्यातला हिरवा दिवा, आणि तुझा तो उंच सहकारी, ज्याला तुम्ही सगळे शिडी म्हणता. तू मला स्टुलावर बसवून भिंगातून बघायला लावलंस. एका थेंबात साखरेच्या कणासारखा एक स्फटिक. कितीतरी महिने खपून तेवढा एकच धड वाढला होता. मग तू लाल दिवा लावलास. क्षणभर काहीच झालं नाही. आणि बघता बघता त्यात केसाएवढी भेग पडली, दुसरी पडली, आणि त्याचा चुरा झाला. शिडीने कपाळाला हात लावला. ‘गेलं सगळं पाण्यात,’ म्हणाला. आणि तू? तू माझा दंड घट्ट धरलास. ‘फुटला, आई! फुटला म्हणजे आतले सगळे एकदम हलले. त्यांना ओळीत जागा पुरली नाही!’ माझा लेक गेल्यानंतर त्या दिवशी पहिल्यांदा मी तुझे हसताना दात बघितले.

घरी येताना रस्ताभर तू बडबडत होतीस. आता उलटं करायचं. आधी उजेड दाखवायचा, वळायचं तेवढं वळू द्यायचं, आणि मग त्या वळलेल्यांनाच ओळीत बसवायचं. सांगायला सोपं! पुढे कितीतरी दिवस तू संध्याकाळी यायचीस, चपला काढता काढता ‘स्फटिक नाही, गाळ’ एवढंच बोलायचीस आणि माझ्या शेजारी भाजी चिरायला बसायचीस. चिडचिड नाही, रड नाही. सकाळी पुन्हा निघायचीस. अखेर वळलेल्यांचा स्फटिक धरला, तोच घेऊन तू तिकडे गेलीस. माझ्या समोर फोटोला बसून गेलेली थोरामोठी माणसं काही कमी नव्हती. पण हातातली वस्तू मोडल्यावर आनंदाने तिच्यात डोकावणारं माणूस मी एकच पाहिलं. ते माझ्या घरात राहतं, याचं मला फार अप्रूप वाटतं. तोंडावर कधी म्हणाले नाही, कारण तू लगेच विषय बदलतेस.

आता खरं कारण सांगते. आज सकाळी तुझ्या मोठ्या सरांचा घरी फोन आला. म्हणाले, ‘तुम्हीच तिला समजवा.’ तेव्हा कुठे मला कळलं की तिकडच्या लोकांनी तुला स्वतःची प्रयोगशाळा देऊ केलीय आणि तू नाही म्हणून मोकळी झालीस. कारण काय, तर ‘घरी आई एकट्या असतात.’ आधी मला संतापच आला. अगं वेडे, तू मला सांभाळलंस, आता तुझ्या पायातली बेडी करतेस होय मला? सरांना सांगितलंय, निर्णय तिचा, पण कारणांतून माझं नाव काढा, आणि ती परत येईपर्यंत जागा दुसऱ्या कुणाला देऊ नका, असं तिकडच्यांना कळवा. माझी धाकटी बहीण इथे राहायला यायला एका पायावर तयार आहे. घोरते फार, पण निभावेन. लेकीचं बिऱ्हाड मांडून द्यायला आई जाते, तशी मीही येईन. आणि तिथे तुला हसवणारं कुणी भेटलं, तर माझ्यापासून लपवू नकोस. त्याला घरी बोलाव. मला बघू दे तो कसा आहे ते.

तुझीच,
आई