पेपर, लॅपटॉप आणि दाराची कडी

शनि. २ जून
सरांनी क्लासचा लॅपटॉप माझ्या हवाली केला. पुढच्या रविवारच्या स्कॉलरशिप टेस्टचा बायोचा पेपर त्यात. सर म्हणजे क्लासचे मालक, बोलतात कमी, बघतात जास्त. "मॅडम, पेपर फुटला तर तुमची नोकरी अन् माझा क्लास, दोन्ही गेलं." सोबत कुलपाची तार दिली, लॅपटॉप पलंगाला बांधायला. म्हशीला दावं लावावं तसा बांधला.

रवि. ३ जून
अब्रू गेली. शेजारच्या होस्टेलातली प्राची, माझीच विद्यार्थिनी, जिन्यात म्हणते, "मॅडम, तुमचा लॅपटॉप आमच्या मोबाईलवर दिसून राहिलाय!" ब्लूटूथ चालू. अन् नाव काय, तर 'बायो पेपर सेटर'. आधीच्या मॅडमची हौस. म्हणजे अख्ख्या गल्लीत दवंडीच. नाव बदललं, ब्लूटूथ बंद. होस्टेलचं फुकट वाय-फाय आपोआप जोडलं जात होतं, तेही काढून टाकलं. आता नेट फक्त स्वतःच्या मोबाईलवरून, काम असेल तेवढंच. पण ज्याला कळायचं त्याला कळलंच असेल.

मंगळ. ५ जून
आत्यांशी वाजलं. आत्या म्हणजे सासूबाई, मूळच्या निलंग्याकडच्या. त्र्याण्णवच्या भूकंपात त्यांची थोरली लेक आतून कडी लावलेल्या खोलीत... तेव्हापासून आमच्याकडे माणूस आत असलं की कडी लागत नाही. दार नुसतं लोटायचं. हे मुदखेडला रेल्वेत, घरी आम्ही दोघीच.
आज मी कडी लावली. त्यांनी काढली. परत लावली. परत काढली.
"लॅपटॉप कुणी नेला तर?"
"न्हेऊ दे की. त्ये काय लेकरू हाय का?"
रागानं जेवले नाही. दूधवालासुद्धा पलंगाकडेच बघत होता, असं वाटतंय. पासवर्ड बदलला, मग तोच आठवेना. रडू आलं.

बुध. ६ जून
दुपारी लॅपटॉपवर पेपर तपासत होते, तेवढ्यात जमिनीतून गुरगुर. भांडी वाजली. गल्लीभर "पळा, पळा!" अन् मी काय करावं? तारेच्या कुलपाची किल्ली शोधत बसले! किल्ली सापडली तर कुलूप निघेना. आत्या बाहेर पोचल्या होत्या, त्या माझ्यासाठी परत आत आल्या. सत्तरीची बाई. मनगट धरून ओढलं. "सोड त्ये! सोड म्हन्ते ना!"
सगळी गल्ली बराच वेळ मैदानात. घर सताड उघडं. पडलं काहीच नाही.
परत आले तर लॅपटॉप जागच्या जागी, बांधलेला. पण स्क्रीन उघडी अन् पेपर समोर. आपोआप लॉक व्हायची सोय मीच कंटाळून बंद केली होती. आत कुणी आलं होतं का? मोबाईलवर फोटो काढायला वेळ तो किती लागतो. लॅपटॉप चोरीला गेला असता तर निदान कळलं तरी असतं.
आत्या विचारतात, "हाय ना तुजं जागेवर?" हो म्हटलं.

गुरु. ७ जून
सरांना सगळं सांगून टाकलं. फोनवर म्हणाले, "नवा पेपर काढा, शनिवारपर्यंत. ह्या वेळी काही झालं तर मला सांगायला येऊ नका." म्हणजे नोकरी आहे, शनिवारपर्यंत तरी.
आत्यांनी ऐकलं असणार. संध्याकाळी मी नवा पेपर लिहायला बसले तशा उठल्या अन् स्वतःच्या हातानं कडी लावली.
"आत्या, राहू द्या."
"लिही तू."
स्टूल ओढून दाराशीच बसल्यात, हात कडीवर. पदर घामानं ओला झालाय. मला स्वतःची लाज वाटते अन् त्यांच्या जिवाची भीती.
तीन प्रश्न झाले, चौथा सुचत नाही. त्यांच्या हाताखाली कडी वाजते आहे. उठून काढावी का—

"लिही म्हनलं ना."