कमलसाठी पोकरचं पुस्तक

प्रिय कमल,

हे पत्र अलका तुला वाचून दाखवत असणार, म्हणून आधी तिलाच सांगते. अलका, तुझ्या सासूने मध्येच "पुरे गं" म्हटलं तरी थांबायचं नाही, आणि मी तिच्याबद्दल जे काही वाईटसाईट लिहीन ते गाळायचं नाही. फोनवर पत्त्यांचा विषय काढला की ही बाई भाजी करपतेय म्हणून फोन ठेवते. नाशिकला गेल्यापासून हिच्या इतक्या भाज्या करपल्या, की तुम्ही सगळे जेवता काय याचीच मला काळजी वाटते.

आम्ही इकडे मजेत आहोत. कारखान्याचं क्वार्टर सोडून नेहरू नगरला आलो तरी टाउनशिपचा क्लब काही सुटला नाही. आमचे यशवंतराव संध्याकाळ झाली की स्कूटर काढतात आणि पिपलानीचा तो क्लब गाठतात. मी मागच्या सीटवर. क्लबात एक नवल झालंय. कारखान्यात नव्याने लागलेल्या इंजिनिअर पोरांनी यंदाच्या वार्षिक स्पर्धांत ब्रिजबरोबर पोकरही घ्यायला लावलं. सेक्रेटरी दिलीप आधी बिथरलाच. "भाभी, ये तो सीधा जुआ हो गया ना!" असं मलाच ऐकवून गेला. शेवटी ठरलं की पैसा कुठेच नाही. सगळ्यांना सारख्या प्लास्टिकच्या चकत्या, ज्याच्या संपल्या तो उठला, शेवटी उरेल त्याला कप. मग दिलीपच पहिला शिकायला बसला!

मीही बसले, आणि तुला माहीतच आहे, पुस्तकाशिवाय मला काही शिकता येत नाही. आठवतं ना, ब्रिजचं ते जाडजूड पुस्तक आपण मधोमध उसवलं होतं? पहिला अर्धा माझ्याकडे, दुसरा तुझ्याकडे, आणि आठवड्याने अदलाबदल. तू आपली शेवटापासून शिकलीस, म्हणून डावाच्या अखेरीला तुझ्यासारखं कोणी खेळायचं नाही. आता तसं पुस्तक शोधत मी न्यू मार्केटला गेले. दुकानदाराने मोठ्या खुशीत एक काढून दिलं, वर इस्पिकचा एक्का. घरी येऊन पाहते तर विमा कसा विकावा यावरचं पुस्तक! यशवंतराव इतके हसले की त्यांना ठसका लागला.

मग त्या पोरांकडून तीन पुस्तकं मागून आणली. एकात नुसती टक्केवारीची कोष्टकं. ते यशवंतरावांनी पळवलं आणि जेवतानाही सोडेनात. मी वाचून पाहिलं, पण कोष्टक मोठ्याने वाचलं की ऐकणाऱ्याच्या डोक्यात काही राहत नाही. दुसऱ्यात समोरच्याचा चेहरा कसा वाचावा, पापणी कधी लवते, हात कधी थरथरतो, असली पानंच्या पानं. लेखक स्वतःवर फारच खूश आहे. तेही बाजूला ठेवलं. तिसरं बारीकसं आहे, फक्त स्पर्धेसाठी लिहिलेलं. साधी साधी वाक्यं, एकही कोष्टक नाही. तेच ठेवलं. दुपारी सगळं आवरलं की त्यातलं पान दोन पान मराठी करून फोनमध्ये बोलून ठेवते. मध्येच कुकरची शिट्टी ऐकू येईल, तेवढी सांभाळून घे.

हो, तुझ्यासाठीच. आता उठू नकोस, बस खाली.

अलका, तुला कदाचित हिने सांगितलं नसेल. ब्रिजमध्ये दोघी समोरासमोर बसून एका बाजूने खेळतात. आम्ही दोघी तशा वर्षानुवर्षं बसलो. शेवटच्या स्पर्धेत हिच्या हातात बदामचं पान होतं आणि हिला ते चौकटचं दिसलं. बदामचा हात चालू असताना हिने दुसरंच पान टाकलं. पुढे ते बदाम बाहेर आलं तेव्हा समोरच्यांना चूक कळली. नियमाने त्यांनी दंड मागायला हवा होता. ते एकमेकांकडे बघून म्हणाले, "जाऊ द्या वहिनी." हरण्याचं तुला कधीच काही वाटलं नव्हतं, कमल. पण त्या "जाऊ द्या"नंतर तू पत्ते पालथे ठेवलेस ते ठेवलेसच.

डॉक्टरांनी सांगितलं, मधलं दिसणं गेलं, कडेचं राहील. मोठं आणि भडक असलं तर तुला अजून ओळखू येतं, हे मला अलकाने कळवलंय. तेव्हा ऐक. ब्रिजमध्ये तेरा पानं सांभाळायची, पोकरमध्ये हातात दोनच. बाकीची पाच मधे उघडी मांडतात, आणि मांडणारा ती मोठ्याने सांगतो. पोरांकडे पत्त्यांचा एक जोड आहे, आकडे वीतभर म्हणावे असे, त्यात बदाम लाल पण चौकट निळी आणि किलवर हिरवं. पापण्या बघायची तुला कधी गरज होती? दिलीप खोटं बोलायला लागला की त्याचा आवाज बारीक होतो, हे आधी तूच मला दाखवलंस.

त्या बारीक पुस्तकात एक प्रकरण आहे, ते मी तीनदा वाचलं. चकत्या थोड्या उरल्या की माणूस चांगल्या पानांची वाट बघत गप्प बसतो. पण दर फेरीला थोडं मधे टाकावंच लागतं, आणि ते वाढतच जातं. बसून बसूनच ढीग संपतो. लेखक म्हणतो, ढिगाला वजन आहे तोवर खेळा. मला ते वाचताना नाशिकच्या खिडकीशी बसलेली तू दिसलीस, आणि मला राग आला. फार राग आला, आणि तुझी आठवणही तितकीच.

आता खरं कारण. यंदा ब्रिजच्या जोड्या लिहिताना दिलीपने विचारलं, तुमच्याबरोबर कोण? क्लबातली सुमित्रा तयार होती, चांगली खेळते. मी तिच्यासमोर चार दिवस बसून पाहिलं आणि मग माझं नाव काढून घेतलं. ते पोकरच्या यादीत घातलं आणि त्याखाली तुझं. तुला न विचारता घातलं, अलकाला विचारून घातलं. तुझं इकडे यायचं तिकीट तिनेच काढलंय. पोकरमध्ये जोडी नसते, कमल, ज्याचा तो. पहिल्यांदाच तू माझ्याविरुद्ध असशील. चुकलीस तर मी एक चकतीसुद्धा सोडणार नाही.

तुझ्यासमोर बसायला आतुर, तुझीच
निर्मला