फरशीवरच्या अक्षता

सर, शेंद्र्याजवळच्या त्या मंगल कार्यालयाची फरशी गेल्या महिन्यात उखडली. वऱ्हाडी घसरू नयेत म्हणून आता तिथं खरबरीत टाइल्स बसवल्या आहेत. फाटक उघडं दिसलं म्हणून मी आत डोकावले, तर आपली ती काळी गुळगुळीत फरशी तुकडे होऊन भिंतीशी पडलेली. तुम्हाला जाऊन आठ वर्षं झाली, पण ही गोष्ट सांगावी असं दुसरं कुणी मला सुचलं नाही.

बर्फावर दगड सरकवायचा हा खेळ तुम्ही आमच्या गावात आणलात, तेव्हा बर्फ आम्ही फक्त गोळेवाल्याच्या गाडीवर पाहिला होता. घमेल्यात सिमेंट ओतून तुम्ही दगड केले, खाली छोटी चाकं बसवली, वर लोखंडी मूठ. मुहूर्त नसेल त्या दिवशी कार्यालय आपलं. पण आदल्या दिवशीच्या लग्नाच्या अक्षता कानाकोपऱ्यात अडकलेल्या असायच्या आणि एका तांदळानं दगड वाट सोडायचा. म्हणून खेळाआधी तासभर गुडघ्यावर बसून अक्षता वेचायच्या, हा तुमचा नेम. माझा धाकटा भाऊ त्यात पटाईत होता. मेंढरांमागं हिंडलेली नजर, त्याला पिवळा तांदूळ लांबूनच दिसायचा. धावत्या दगडापुढं झाडूनं घासत पळायलाही तुम्ही शिकवलंत. बर्फावर त्यामुळे दगड लांब जातो, फरशीवर काही होत नाही, पण सवय हवी म्हणालात. आमचे आबा एकदा बघायला आले, दारातच थांबले आणि म्हणाले, "मास्तर, झाडायलाच शिकवायचं तर आमचं अंगण लई मोठं हाय." तुम्ही इतके हसलात की आबाही हसले, आणि त्या हसण्यातच त्यांनी आम्हा दोघांना परवानगी देऊन टाकली. पुढं माझ्या कॉलेजची परवानगीही तुम्ही अशीच, चहा पिता पिता काढलीत. घरात पदवी घेतलेली मी पहिली, ती त्या चहामुळे.

एक दुपार मात्र मी विसरत नाही. माझा झाडू धावत्या दगडाला लागला होता, जरासाच. या खेळात अशी गोष्ट पंच शोधत बसत नाही, ज्याचा झाडू लागला त्यानंच हात वर करून सांगायचं, मग तो दगड बाद. मी गप्प राहिले. आमचा संघ जिंकला, पोरी नाचल्या. सगळ्या गेल्यावर मला एकटीला थांबवलंत आणि रिकामी फरशी पुन्हा झाडायला लावलीत, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग म्हणालात, "पोरी, दगडाला तोंड नसतं. त्याच्या वतीनं आपणच बोलायचं." मी रडत घरी गेले. भाऊ कार्यालयाच्या दारामागं उभा राहून सगळं ऐकत होता, हे मला पुष्कळ दिवसांनी कळलं.

तो पंधराव्या वर्षी ज्युनिअर संघातून उत्तरेत खऱ्या बर्फावर खेळायला गेला. तुम्हाला शाळेनं रजा दिली नाही. संध्याकाळी तुम्ही आमच्या ओट्यावर बसला आहात, फोन कानाला लावलेला, आणि त्याला विचारता आहात, "बर्फावर दगडाचा आवाज कसा येतो रे?" मग त्यानं फोनच बर्फाला टेकवला आणि मित्राला दगड सोडायला लावला. तुम्ही डोळे मिटून ऐकत राहिलात. आईनं आणलेला चहा निवला. ऐकून झाल्यावर एवढंच म्हणालात, "जात्यासारखा." त्याच हिवाळ्यात तुम्ही गेलात. तो बर्फ तुम्ही पाहिलाच नाही.

तो नंतरही खेळत राहिला. ज्युनिअरची वर्षं भराभर सरली, पदकंही मिळाली. पुरुष गटात आल्यावर सगळं जड झालं. समोर थंड प्रदेशातले धिप्पाड गडी, वर्षभर बर्फावर असणारे. आमचा पोरगा मात्र लग्नसराई संपायची वाट बघणारा. तरी दोन वर्षांपूर्वी निवडीच्या शेवटच्या सामन्यापर्यंत तो पोचला. जिंकणारा संघ देशाच्या पुरुष संघात जाणार होता. मी व्यवस्थापक म्हणून गुणफलकाशी उभी होते. शेवटचा दगड आमचा होता, आणि तो बर्फावर आखलेल्या वर्तुळाच्या मधोमध चालला होता. भाऊ त्याच्यापुढं घासत पळत होता, आणि त्याच्या झाडूचं टोक दगडाला लागलं. दुसऱ्या बाजूला घासणाऱ्यालाही ते दिसलं नाही. त्याला कळलं आणि मला दिसलं. पळता पळता त्यानं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मग हात वर केला. "माझा झाडू लागला." दगड उचलून बाजूला ठेवला गेला, सामना गेला, निवडही गेली.

परतीच्या गाडीत सगळ्यांनी त्याच्याकडे पाठ केली. अर्ध्या वाटेत एकजण म्हणाला, "महाराजांना खिडकी द्या रे, पुण्य कमावलंय त्यांनी." तो उठला आणि खरंच खिडकीशी जाऊन बसला. पुढच्या हंगामात निवडीचं बोलावणं आलं, तेव्हा तो शेंद्र्याच्या एका कारखान्यात शिफ्टला लागला होता. म्हणाला, "बास झालं ताई आता." मी खूप समजावलं, आदर्शांवर मोठंसं व्याख्यानच दिलं. तो ऐकत डबा भरत होता.

त्या सामन्यानंतर आपल्या शाळेनं, जिथं आता मी शिकवते, सत्कार ठेवला होता. त्याचा नाही, माझा. मुख्याध्यापक म्हणाले की भावावर असे संस्कार करणारी बहीण गावाचं भूषण आहे. शाल दिली, नारळ दिला. मी वाकून घेतला. तो तिसऱ्या रांगेत बसला होता आणि टाळ्या त्यानंच आधी सुरू केल्या. तेव्हापासून शाळेत मुलांना मी ही गोष्ट सांगते. तुमच्याबद्दल सांगते, दगडाच्या तोंडाबद्दल सांगते, त्याच्या वर गेलेल्या हाताबद्दल सांगते. माझ्याबद्दल मात्र सांगत नाही.

ही शाल मी अजून पांघरलेली नाही. तिच्या घडीत हा कागद ठेवते आहे, कार्यालयातून उचललेला फरशीचा एक तुकडाही. सर, त्यानं पळता पळता माझ्याकडे पाहिलं, तेव्हा मी मान हलवली होती. सांगू नको म्हणून. त्यानं ते पाहिलं, आणि आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मलाही नाही.