पेन्शनचा दाखला

बुधवार, ७ डिसेंबर १९५५. रत्नागिरी.

तिसऱ्या खेपेला ट्रेझरीतून दाखला मिळाला एकदाचा. 'सदरहू निवृत्त शिक्षकास तहहयात पेन्शन चालू आहे', खाली जांभळा शिक्का. पायांत गोळे आलेत. पण वसंताने नैरोबीहून बजावलं होतं: आईला घेऊन कायमचे इकडे या, मात्र पेन्शनचा दाखला आधी पाठवा, त्याशिवाय इथलं सरकार परवाना देत नाही.

तसाच बंदरावर दाऊदभाईंकडे गेलो. आफ्रिकेला जाणाऱ्यांचे अर्ज तेच भरतात. शिक्का बघून हसले.

"मास्तर, एवढी वणवण कशाला केलीत? मुलगा तिकडे नोकरीत ना? 'आईबापांना मी सांभाळीन' एवढी एक ओळ त्याने लिहून दिली की झालं. हा दाखला लागतो तो ज्याचं तिकडे कोणी नाही त्याला."

वसंताला माहीत नसेल. कामाच्या गडबडीत राहिलं असेल.

घरी ही नातवासाठी आंब्याची साठं फडक्यात बांधत होती. "मिळाला का हो दाखला?"

"मिळाला."

"मग आता काही अडत नाही ना?"

"नाही," म्हटलं. दुसरं काय सांगणार?

पण गेल्याच वर्षी त्याने सासऱ्यांना नेलं. पावसला त्यांचं किराणा दुकान होतं. त्यांना कुठली पेन्शन? म्हणजे ती ओळ त्याला लिहिता येते.

पत्र लिहायला बसलो. विचारावं असं फार वाटलं. शेवटी एवढंच लिहिलं, 'दाखला सोबत जोडला आहे.'