नाल्यावरची धूळ

खापरखेडा
दि. ३ नोव्हेंबर

चि. खुशीस आजीचे अनेक आशीर्वाद व जयभीम.

मी इथं तुझ्या प्रीतमकाकाच्या क्वार्टरमध्ये मजेत आहे. पॉवर हाऊसची राख रोज वाळवणावर बसते, तेवढीच तक्रार. तुझ्या पहिलीच्या पुस्तकावर बोट ठेवून मी अक्षरं शिकली, म्हणून पत्राचं उत्तर देणं तुले भागच आहे. फोन तुझ्या बाबाचा, अन् तो लावते स्पीकरवर. आजी-नातीचं गूज साऱ्या मोहल्ल्याले ऐकवायचं काय?

मागच्या चाचणीत विज्ञानात मार्क कमी पडले ते तू सरांच्या माथी मारले. भाकर करपली तर चुलीले नाव ठेवू नये वं.

प्रीतम सांगून राहिला का तिकडं नाल्यावर वाघाचा पंजा दिसला. पुन्हा दिसला तर तुझी शाळा बंद, असं तुझा बाबा म्हणते. मी त्याले बजावलं, आपल्या घरात दहावी कोणी केली नाही, ही पोरगी करील. पण तूही गावाची रीत पाळ. नाल्याच्या उतारावर जो पहिला जाईल त्यानं धुळीत पाहायचं. पंजा दिसला तर बाभळीची फांदी वाटेत आडवी टाकायची. मग त्या दिवशी त्या अंगाले ना बाई जात, ना बैल. माझी सारी जिंदगी त्या फांदीनं राखली. सकाळी सगळ्यांत आधी तुम्ही पोरीच निघता, तर ते काम आता तुमचं.

लोभ आहेच. तो राहू दे, पत्र वाढव.

तुझी आजी,
रुखमाबाई


बोरटोली, ता. कुही
दि. ११ नोव्हेंबर

ती. आजीस खुशीचा सप्रेम जयभीम. वि. वि.

आम्ही सगळे बरे आहोत. धान कापणीला आलं आहे. श्रीधर सर दहावीचे जादा तास सकाळी घेतात, म्हणून आम्ही पोरी धुक्यातच सायकली काढतो. घंट्या वाजवत, पाढे म्हणत जातो. नूपुर म्हणते, तुझा सतराचा पाढा ऐकून वाघच गाव सोडील.

गोपिका मात्र आता आमच्याबरोबर शाळेत येत नाही. काकानं सांगितलेला तो पंजा आम्हालाच दिसला होता आणि फांदीही आम्हीच टाकली. त्याच संध्याकाळी तिच्या बाबांनी तिची सायकल आतल्या खोलीत आढ्याला टांगली. परवा तिला पाहायला पाहुणे आले होते. आजी, ती माझ्याच वयाची आहे.

त्यानंतर एकही पंजा दिसलेला नाही. वाघ गेला, असं सारं गाव म्हणतं. शाळेत खिचडी शिजवणाऱ्या अंजनाबाई पुन्हा नाल्याकडूनच काड्या वेचत येतात. काल मला म्हणाल्या, गेला वं माय एकदाचा, धूळ कशी साफ आहे. बुडाची करपलेली खिचडी मला आवडते म्हणून त्या माझ्यासाठी खरवडून ठेवतात.

आई माझ्यावर रागावली आहे. मी घरचा शिंदीचा फडा रोज कॅरियरला बांधून नेते ना, वर्ग झाडायला. अंगण कशानं झाडू, असं ती विचारते.

काकाला आणि काकूला जयभीम सांग. माझ्यावर रुसू नको.

तुझी नात,
खुशी


खापरखेडा
दि. १८ नोव्हेंबर

चि. खुशीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं अन् घास गोड लागेना. शाळेत झाडू नाही काय वं, का तू घरचा फडा नेते? गोपिकाची सायकल टांगली त्या दिवसापासून पंजा दिसत नाही. अन् धूळ म्हणे साफ! नाल्यावर बैलाचे खूर उमटतात, कुत्र्याचे पाय उमटतात, कोंबडीची नखंही उमटतात. आपोआप साफ राहणारी धूळ मी तरी पाहिली नाही. वाघाची मावशी डोळे मिटून दूध पिते, अन् तुम्ही पोरी वाघाच्याच पावलावर डोळे मिटून राहिल्या.

काहून केलं ते मले समजते. म्हणून रागावून नाही, रडून लिहून राहिली. फांदी टाकली तर शाळा जाते, नाही टाकली तर माणूस जाते. शाळा परत मिळते, पोरी. मी पासष्टीले अक्षरं मिळवली.

फोन हातात घेतला होता, खाली ठेवला. मी सांगितलं तर बाबाच्या लेखी तू कायमची चोर ठरशील. तू आपल्या तोंडानं सांग, हे पत्र हाती पडताच. तो चिडला तर म्हण, पुढच्या बुधवारी आजी प्रीतमकाकाच्या संगे येऊन राहिली, तिच्याशी भांड. तुझ्या सायकलीसाठी मी त्याच्या दारात बसेन. पण आजपासून फड्याले हात लावू नको.

जीव तुझ्यापाशी ठेवला आहे, सांभाळ.

आजी


शाळेतून
दि. २४ नोव्हेंबर

ती. आजीस सप्रेम जयभीम.

तुझं पत्र शनिवारी मिळालं. तू बरोबर ओळखलंस. नूपुर आणि मी फड्यानं पंजे पुसत होतो. पहिल्या दिवशी चारदा मागं वळून पाहिलं, मग सवय झाली.

त्याच दिवशी सांगणार होते. पण आज विज्ञानाची चाचणी होती. म्हटलं, एवढा पेपर देते आणि संध्याकाळी बाबांना सांगते. नूपुरला तुझं पत्र दाखवलं तर ती रडायला लागली, मी नाही येत पुसायला म्हणाली. म्हणून आज मी एकटीच पुढं निघाले. पंजा ताजा होता, कडा ढासळल्या नव्हत्या. बाजूला लहान पंजेही होते, मांजरीपेक्षा थोडे मोठे. मी सगळे पुसले आणि मागं न बघता सायकल हाणली.

पेपर चांगला गेला, आजी. सरांनी पाठ थोपटली.

आता मधली सुटी आहे आणि मी बाकावर बसून लिहून राहिले आहे. खिचडीचा वास येत नाही. पाचवी-सहावीची पोरं ओट्यावर रांगेनं बसून ताटल्या वाजवताहेत. स्वयंपाकाच्या खोलीला कुलूप आहे. किल्ली अंजनाबाईंच्या पदराला बांधलेली असते. श्रीधर सरांनी त्यांना फोन लावला, घंटी जाते, कोणी उचलत नाही. सर हसून म्हणाले, बाई काड्या वेचता वेचता गप्पात रमली असेल. मग त्यांनी शिपायाला बोलावलं आणि सांगितलं, नाल्याकडूनच जा, लवकर पोचशील, आता तिथं कसलं भेव नाही.

शिपाई सायकलीत हवा भरतो आहे. पंपाचा आवाज खिडकीतून येतो.

तो निघायच्या आत मला उठून सरांना सगळं सांगायला हवं. सांगितलं की आज संध्याकाळी माझी सायकल आढ्याला जाईल. शाळा परत मिळते, असं तू लिहिलंस. अंजनाबाईंचं काय ते लिहिलं नाहीस.

पंप थांबला. मी जाते. लोभ असू दे, आजी, आज खरंच मागते.

खुशी